मशेरीनं दबलेली दाढ

माझ्या आत्यानं मशेरी सोडली ती साठीनंतर. तोवर खालचे पुढचे दात हलायला लागले होते. लग्नानंतर एकदा तिची दाढ ठणकली, तेव्हा सासूबाईंनी डबी पुढे केली. हिरडी बधिर झाली, आत्याला झोप लागली. दाढेतली कीड मात्र आतल्या आत वाढतच राहिली.

मशेरी म्हणजे तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि तर्जनीनं हिरड्यांवर फिरवत बसायचं. निकोटीन तोंडातल्या नाजूक त्वचेतून रक्तात जातं, म्हणून तलफ लागते. पुढे तर ‘मशेरीशिवाय पोट साफ होत नाही’ इथवर गोष्ट जाते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोण अडवणार? तोंडाचा कर्करोग मशेरीनंही होतो.

दातांच्या डॉक्टरांनी आत्याच्या हातात आरसा दिला. हिरड्या खाली सरकून दातांची पिवळट मुळं उघडी पडली होती आणि गालाच्या आत पांढरा चट्टा होता. त्याचा तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग निघाला नाही, पण तो अहवाल येईपर्यंत घरात कुणाला जेवण गेलं नाही. दोन दात काढावेच लागले.

उरलेल्या दातांवरचं किटण काढायचं ठरलं, तर शेजारणी म्हणाल्या, ‘अगं, दात सैल होतील!’ हा गैरसमज फार नुकसान करतो. हिरडी आणि खालचं हाड किटणामुळेच झिजतं. ते निघाल्यावर आधीचं सैलपण जाणवतं, इतकंच.

दाढ ठणकली तर लवंगेच्या तेलाचा बोळा रात्र काढायला ठीक आहे, पण सकाळी दवाखाना गाठाच. दुखणं आपोआप थांबलं तरी जा. दाताची नस मेली की ठणका थांबतो, पू मात्र मुळाशी साचत राहतो. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं घासणं चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते. हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश बंद करू नका, तपासून घ्या. मधुमेह असेल तर लवकरच.

तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर थांबू नका. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत.