म्हाताऱ्या कुत्र्याची घाई

मुलांनो, कुत्र्याला भाकरी टाकली की गट्ट! गाईचा जबडा आडवा फिरतो, म्हणून ती चारा दळते. कुत्र्याला दात ४२, पण जबडा वर-खालीच चालतो. म्हणून तो घास गिळतो. शेजारी दुसरा कुत्रा असला की घाई वाढते.

घाईत पोटात हवा जाते, ओकारी होते. मोठ्या कुत्र्याचे पोट फुगून त्याला पीळही पडतो. म्हातारपणी हा धोका जास्त. मग काय करावे?

१. रोजचे अन्न दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे.
२. भाकरी कुस्करून, भिजवून परातीत पसरावी. मधोमध मोठा, गुळगुळीत धोंडा ठेवावा.
३. इतर कुत्र्यांपासून लांब खाऊ घालावे.
४. खाताना जवळ हात नेऊ नये. खाल्ल्यावर तासभर पळवू नये.

पोट फुगले आणि ओकाऱ्या येऊनही काही पडले नाही, तर घरच्यांना सांगून लगेच गुरांच्या दवाखान्यात न्यावे. उशीर झाला तर कुत्रा दगावतो. भूक एकाएकी वाढली तरी डॉक्टरांना दाखवावे. जंत किंवा आजार असू शकतो.

सांगा पाहू: परातीतला धोंडा लहान का नको?