डोक्याच्या माराला स्टेरॉइड का देत नाहीत?

प्रश्न : माझे मामा पूर्वी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. ते सांगतात, डोक्याला मार लागलेल्या पेशंटला मेंदूची सूज उतरावी म्हणून तेव्हा स्टेरॉइड द्यायचे. परवा एक्सप्रेस-वेवर आडोशी बोगद्याजवळ माझ्या मित्राच्या डोक्याला मार लागला, त्याला मात्र दिलं नाही. असं का?
– एक वाचक, खालापूर

उत्तर : मामांचं म्हणणं खरं आहे आणि मित्राच्या डॉक्टरांनी केलं तेही योग्यच.

मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडने झपाट्याने उतरते, हे १९६०च्या दशकात दिसून आलं. त्यासाठी ते आजही देतात. मार लागल्यावरही मेंदू सुजतो, मग तिथेही ते लागू पडेल, असा अंदाज बांधला गेला. अंदाज पटण्यासारखा होता. छोटे-छोटे अभ्यासही झाले, पण त्यांतून ठाम काही हाती लागेना.

म्हणून १९९९ मध्ये ‘क्रॅश’ ही मोठी चाचणी सुरू झाली. अपघातानंतर आठ तासांच्या आत आलेल्या, शुद्ध हरपलेल्या किंवा गुंगीत असलेल्या पेशंटसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या नंबरचा खोका उचलायचा. आत स्टेरॉइड आहे की दिसायला तसंच, पण औषध नसलेलं काही, हे ना डॉक्टरांना ठाऊक, ना नातेवाइकांना. ४९ देशांतले १०,००८ पेशंट यात आले. २० हजारांपर्यंत जायचं ठरलं होतं, पण २००४ मध्येच चाचणी थांबवावी लागली. स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के पेशंट दोन आठवड्यांत दगावले होते, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के.

म्हणजे शंभरामागे तीन मृत्यू जास्त. एकेकट्या डॉक्टरला हा फरक उभ्या आयुष्यात कळला नसता. पेशंट गेला तर मारच जबर होता, असं म्हणून सगळे गप्प बसले असते. हजारो पेशंटांची नोंद एकत्र झाली, तेव्हाच औषधाचा दोष उघडा पडला.

याच मालिकेतल्या ‘क्रॅश-३’ने २०१९ मध्ये वेगळा निष्कर्ष दिला. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत दिलं, तर सौम्य ते मध्यम इजेत डोक्याच्या मारामुळे होणारे मृत्यू कमी होतात. फार गंभीर इजेत मात्र तसा फायदा दिसला नाही.

कधी तुमच्याच माणसासाठी अशा चाचणीचा कागद पुढे आला, तर सही करण्याआधी नीट विचारून घ्या. नकार दिला तरी नेहमीचे उपचार मिळायलाच हवेत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचारांची आणि भरपाईची तरतूद औषधचाचण्यांबाबतच्या २०१९च्या नियमांत आहे. चाचणीची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत कोणालाही पाहता येते.

आणि घाटात अपघात झालाच, तर तो किती वाजता झाला हे लक्षात ठेवून कॅज्युअल्टीत आधी सांगा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या तीन तासांचा हिशोब तिथूनच सुरू होतो.