मोजकी पावलं: पहिल्या शर्यतीच्या आठवड्यात गीतेचे दोन श्लोक



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

येत्या रविवारी पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आहे. १९८३ पासून पुण्याच्या डिसेंबरची ही एक ठरलेली खूण. आमच्या सकाळच्या ग्रुपमधले अकरा जण त्यात आयुष्यातली पहिली शर्यत धावणार आहेत, १० किलोमीटरची. तयारी बाराजणांनी सुरू केली होती. बाराव्या मैत्रिणीबद्दल पुढे लिहितो, कारण आजचे श्लोक मी तिच्यामुळेच उघडले. तुमच्यापैकीही काहीजण पुण्यात किंवा जानेवारीत मुंबईत धावणार असाल. आजचं चिंतन तुमच्यासाठी.

श्लोक काय सांगतात

सहावा अध्याय ध्यानाचा. आसन कसं असावं, मन कसं आवरावं हे सांगता सांगता भगवंत मध्येच ताटाबद्दल आणि अंथरुणाबद्दल बोलतात. जो फार खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही नाही. जो फार झोपतो त्याला नाही, आणि जो जागत राहतो त्यालाही नाही. पुढच्या श्लोकात याचीच दुसरी बाजू येते. खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप, जाग हे सगळं ज्याचं मापात आहे, त्याचा योग दुःख दूर करणारा होतो.

इथे कळीचा शब्द आहे 'युक्त'. हा शब्द आणि 'योग' एकाच धातूतून आलेत, अर्थ जोडणे, जुंपणे. आपलं बैलाच्या मानेवरचं 'जू' त्याच घरातलं. आता शेतकरी काय करतो बघा. नवा खोंड औताला धरताना पहिल्याच दिवशी त्याच्याकडून अख्खं रान नांगरून घेत नाही. आधी जुवाची सवय, मग दोन तास, मग अर्धा दिवस. खोंडात ताकद नसते म्हणून नव्हे. ताकद भरपूर असते, म्हणूनच आवरावं लागतं.

ज्ञानेश्वरीत माऊली या श्लोकांवर बोलताना आणखी जवळ येतात. जेवावं पण मापाने, बोलावं मोजकं, झोपेलाही तिच्या वेळी मान द्यावा. आणि चालायचं कसं? तर पावलंसुद्धा मोजकी. सातशेहून जास्त वर्षांपूर्वीचं हे सांगणं पहिल्यांदा धावायला निघालेल्या माणसाला आजही लागू पडतं, आणि का ते शरीराच्या कामकाजात दिसतं.

दम लवकर येतो, हाडं सावकाश

सुरुवात केली की पहिले दोन आठवडे धाप लागते. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस अचानक बरं वाटायला लागतं. श्वास लागत नाही, पाय हलके वाटतात. हृदय, रक्ताभिसरण आणि स्नायू लवकर जुळवून घेतात. पण स्नायू हाडाला बांधणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांना बरेच महिने लागतात.

हाड म्हणजे काही सिमेंटचा खांब नव्हे. धावण्याचा भार पडला की शरीर आधी झिजलेला भाग काढून टाकतं आणि नंतर तिथे नवं हाड भरतं. काढणं लवकर होतं, भरायला वेळ लागतो. मधल्या काळात ती जागा नेहमीपेक्षा थोडी कच्ची असते. नेमक्या याच काळात दम वाढलेला असतो आणि मन म्हणत असतं, 'अजून दोन किलोमीटर सहज होतील की!'

आमच्या कामातलं उदाहरण देतो. सर्व्हरची क्षमता वाढवली, पण मागचा डेटाबेस जुनाच राहिला, तर सिस्टिम त्या जुन्या टोकाला बसते. भार किती घालायचा हे सगळ्यात सावकाश चालणाऱ्या भागाला विचारून ठरवायचं असतं. नव्या धावपटूच्या शरीरात तो भाग म्हणजे हाडं आणि कंडरे.

म्हणून आमच्या तक्त्यात तीन गोष्टी होत्या.

१. आठवड्यातून तीनच दिवस धावायचं: मंगळवार, गुरुवार, रविवार. बाकीच्या दिवसांत एक-दोनदा ताकदीचे साधे व्यायाम, बाकी चालणं किंवा विश्रांती.

२. आठवड्याचं एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांच्या आतच वाढवायचं, आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं. दहा टक्के हा काही विज्ञानाचा नियम नाही, धावणाऱ्यांमधला ठोकताळा आहे. पण त्याचं गणित मन शांत करतं. आठवड्याला १२ किलोमीटरपासून सुरुवात केली आणि दहा-दहा टक्क्यांची आठ वेळा वाढ केली, की जवळपास २६ होतात. प्रत्येक आठवड्याची वाढ किरकोळ वाटते, पण शेवटी दुप्पट ओलांडलेली असते.

३. बहुतेक धावणं हळू. किती हळू? धावता धावता 'विठ्ठल विठ्ठल' असा जप न तुटता चालू राहिला पाहिजे. श्वासासाठी नाम थांबवावं लागलं, तर वेग जास्त झाला. दमलात तर चाला, मग पुन्हा धावा. चालण्याने धावणं बाटत नाही.

यातलं तिसरं सगळ्यात अवघड. दूर जायला पाय तयार होतात, पण मागून आलेले काका पुढे निघून गेले की अहंकाराला सोसत नाही. घड्याळातला आकडा बघून कोण काय म्हणेल, अॅपवर आपलं नाव कितवं दिसेल! माझ्या मते हळू धावणं हा स्नायूंपेक्षा 'मी'चा व्यायाम जास्त आहे.

विश्रांती हा वेळापत्रकाचा भाग

माऊलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाते. पण वेळापत्रक बघा. पुण्यात दोन मुक्काम, दिवे घाट चढून गेल्यावर सासवडला पुन्हा दोन. कुणी म्हणत नाही की वारकरी आळशी आहेत म्हणून थांबले. मुक्काम वारीतच धरलेला असतो. आपल्या तक्त्यात मात्र विश्रांतीचा रकाना रिकामा दिसला की तिथे काहीतरी भरावंसं वाटतं.

झोपेचंही तसंच. आपल्यापैकी अनेकांचे कॉल रात्री अकराला संपतात आणि ग्रुप पहाटे साडेपाचला जमतो. कपडे बदलून, पाणी पिऊन निघायचं म्हणजे पाच तास झोप. असं रोज करून 'साधना चाललीय' म्हणणाऱ्याला सोळावा श्लोक सरळच उत्तर देतो. शरीराची दुरुस्ती मुख्यतः झोपेत होते. आदल्या रात्री कॉल लांबला तर सकाळचं धावणं संध्याकाळी करा, नाहीतर सोडा. एक दिवस गेला म्हणून तयारी जात नाही.

आता नेहमी विचारला जाणारा प्रश्न: एकादशी रविवारी आली तर? लांबचं धावणं आणि निर्जळी उपवास एकाच दिवशी करू नका, असं मी सरळ सांगेन. दोन्ही प्रिय असतील तर लांबचं धावणं शनिवारी घ्या, आणि एकादशीला शांत बसून नाम घ्या. फराळाचा उपवास असेल आणि तुम्हाला तो मानवत असेल, तर हळू आणि थोडं धावायला हरकत नाही. केळं, खजूर, राजगिरा, पाणी सोबत ठेवा. मधुमेह किंवा इतर आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. अजिबात न खाणाऱ्याला योग साधत नाही, हे भगवंतांनीच सांगितलंय. उपवासाचा अपमान होईल अशी भीती नको.

बारावी मैत्रीण

आता तिच्याबद्दल. तिची परवानगी घेऊन लिहितोय.

ग्रुपमध्ये सगळ्यात नियमित तीच. सहाव्या आठवड्यात तिला इतकं छान वाटायला लागलं की तिने तक्त्याबाहेर बुधवारी तळजाईची चढण सुरू केली. ऑफिसात रिलीज होतं, झोप पाच तासांवर आली होती. आठव्या आठवड्यात नडगी दुखू लागली. आधी धावताना, मग जिना चढताना, मग रात्री पडल्या पडल्यासुद्धा.

इथे एक माहिती सगळ्यांनी लक्षात ठेवा. नडगी लांबवर पसरून दुखते, वॉर्मअपनंतर कमी होते, तेव्हा बहुतेकदा ते भार वाढल्याचं दुखणं असतं; धावणं कमी केलं की उतरतं. पण दुखणं एका बोटाने दाखवता येईल इतकं नेमक्या जागी असेल, धावताना वाढत जात असेल, विश्रांतीतही ठणकत असेल, तर थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर जात असण्याची ती खूण असू शकते. सुरुवातीला एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसतही नाही, एमआरआय करावा लागतो. तिचं तेच निघालं. सहा आठवडे धावणं बंद. शर्यतीला उरले होते चार.

नावनोंदणी झालेली. नाशिकहून आई बघायला येणार होती. ग्रुपवर सल्ले सुरू झाले: पट्टी बांध, सकाळी वेदनाशामक गोळी घे, दहाच तर किलोमीटर आहेत. हे सल्ले प्रेमापोटीच होते. पण गोळी दुखणं झाकते, हाड जोडत नाही. बारीक चिरेवर शर्यत धावली तर ती पूर्ण मोडू शकते, आणि मग सहा आठवड्यांचे कितीतरी महिने होतात.

दोन दिवस तिने काहीच उत्तर दिलं नाही. मग मला एकटीने विचारलं, "दादा, मग एवढ्या सकाळी फुकट गेल्या का?"

या प्रश्नाला 'अगं, होईल सगळं नीट' असं उत्तर देणं म्हणजे टाळणं. खरं सांगायचं तर दमसास कमी होतोच. काही आठवडे बंद ठेवलं की कमावलेलं बरंच उतरतं. पुन्हा चालण्यापासून सुरुवात करावी लागते. तेवढं गेलं, हे मान्य करायलाच हवं.

पण दुसऱ्या अध्यायातला चाळिसावा श्लोक मी तिला वाचायला सांगितला. तिथे भगवंत म्हणतात की या मार्गावर केलेली सुरुवात वाया जात नाही, त्याचं उलटं फळही मिळत नाही. ते शर्यतीबद्दल बोलत नाहीत, कर्मयोगाबद्दल बोलतात. त्यामुळे पाहायचं एवढंच, की आपल्या पहाटेच्या धावण्यात कर्मयोगाचा वाटा किती होता. जेवढं पदकासाठी होतं, तेवढं पदकाबरोबर गेलं. जेवढं ठरल्या वेळी उठणं होतं, मागे राहिलेल्यासोबत चालणं होतं, शरीराचं ऐकायला शिकणं होतं, तेवढं तिच्याजवळच आहे. नडगीला त्यातलं काही काढून घेता येत नाही.

तिने तिसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं: 'मी धावत नाहीये. रविवारी तुमच्या पिशव्या सांभाळायला येईन. आईपण येतेय, तिच्याकडे लाडू आहेत.' बारा आठवड्यांत आमच्या ग्रुपमध्ये घडलेली सगळ्यात 'युक्त' गोष्ट मला ही वाटते. धावायला जोर लागतो. सगळी तयारी असताना न धावायला त्याहून जास्त लागतो.

या आठवड्यासाठी, अकराजणांना

- आता काही वाढवू नका. रिलीजच्या आदल्या रात्री आपण कोडला हात लावतो का? तसंच हे. या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा. पाय शिवशिवतील, शिवशिवू द्या.
- रविवारी नवीन काही नको: नवे शूज नको, नवे मोजे नको, कुणी दिलेलं नवं जेल नको. नेहमीचा नाश्ता, नेहमीच्या वेळेआधी.
- शनिवारी रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका. पहिल्या शर्यतीआधी अनेकांचं तसंच होतं. गुरुवार-शुक्रवारची झोप मात्र सांभाळा.
- पहाटे गारठा असेल. काढून टाकता येईल असा जुना शर्ट वरून घाला. बिब आदल्या रात्रीच लावून ठेवा.
- पाणी तहान लागेल तसं प्या. प्रत्येक टेबलावर थांबून ढोसू नका. गरजेहून फार जास्त पाण्यानेही रक्तातलं मीठ उतरून त्रास होतो. इथेही मापच.
- पहिला किलोमीटर मुद्दाम हळू. ढोल वाजत असतील, लोक ओरडत असतील, सगळे तुम्हाला मागे टाकतील. टाकू द्या. नाम सुरू ठेवा.
- ताप असेल, छातीत दुखत असेल, गरगरत असेल, तर धावू नका. रस्त्यात झालं तर थांबा, वैद्यकीय मदत मागा. पुढच्या वर्षीही डिसेंबर येणार आहे.

आज स्वतःला विचारूया

१. खाणं, झोप, काम, व्यायाम यांपैकी माझं माप सध्या कुठे सुटलंय? जास्तीकडे की कमीकडे?

२. माझ्या साधनेतला कोणता भाग दाखवण्यासाठी आहे? तो काढला तर किती उरतं?

३. आज मी कुठे थांबलो, तर ते थांबणंही सेवा ठरेल?

छोटीशी प्रार्थना

पांडुरंगा, पाय तू दिलेस, त्यांचं मापही तूच शिकव. जोर आला की आवर घाल, जोर गेला की धीर दे. पोचलो तर तुझं नाव घेऊ, थांबावं लागलं तरी तुझंच घेऊ.

रविवारी भेटूया. लाडू सगळ्यांना पुरतील, काकू तसं म्हणाल्यात.

राम कृष्ण हरी!