परदेशातला इंग्रज, त्याची मोहरी आणि आपला दुकानदार

आखाती देशांत आपल्या रत्नागिरी-रायगडकडचे कितीतरी तरुण किराणा दुकानांत कामाला आहेत. काहींनी अल्लाहच्या कृपेने स्वतःची दुकानेही काढली आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांत आपली माणसे असतात, अरब असतात, फिलिपिनो असतात आणि इंग्रजही असतात. पगार चांगला, उधारी नाही, असे हे गिऱ्हाईक. पण त्याची मागणी आपल्या तरुणांना नीट कळत नाही. मोहरी, वूस्टर सॉस, एचपी सॉस, माल्ट व्हिनेगर, पिकालिली या बाटल्यांची नावे पाठ असतात, पण आत काय आहे आणि ते कसे वापरतात हे ठाऊक नसते. म्हणून आज या जिनसांपैकी मुख्यतः मोहरीचा थोडा अभ्यास करू.

भाच्याच्या दुकानातली गोष्ट

माझ्या भाच्याचे दुबईत छोटेसे दुकान आहे. कापडाच्या कामासाठी गेलो असता दोन-तीन दिवस मी त्याच्या गल्ल्याजवळ बसलो होतो. शाळेत शिकवणारी एक वयस्कर इंग्रज बाई आली आणि तिने इंग्रजी मोहरी मागितली. भाच्याने अमेरिकन पिवळ्या मोहरीची बाटली पुढे केली. बाई म्हणाली, ही नव्हे. भाच्याने समजूत घातली की दोन्ही सारख्याच. बाईने बाटली नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. भाच्याने हुज्जत घातली व पैसे परत केले नाहीत. बाई मुकाट्याने निघून गेली.

मी विचारले, तर तो म्हणाला, "मामू, मोहरी ती मोहरी. एका बाटलीसाठी एवढे काय?"

मी त्याला म्हटले, टू बाय टू रुबिया मागणाऱ्या बाईच्या हातात पॉपलीन ठेवून बघ, ती पुन्हा दुकानाची पायरी चढते का! ही बाई दूध, पाव, चहा, अंडी सारे तुझ्याकडूनच नेत होती. तू एका बाटलीचे पैसे राखलेस आणि महिन्याचे गिऱ्हाईक घालवलेस. ती बाई पुढे त्या दुकानात आली नाही.

इंग्रजी मोहरी म्हणजे काय?

मोहरीच्या बाटल्या दिसायला सारख्या, पण माल वेगळा. अमेरिकन पिवळी मोहरी पांढऱ्या दाण्याची. तिच्यात व्हिनेगर भरपूर, म्हणून आंबट आणि सौम्य. फ्रान्सची दीजों मोहरी तपकिरी दाण्याची, तिखट पण आंबटसर. इंग्रजी मोहरीत तपकिरी व पांढरे असे दोन्ही दाणे दळून बारीक पीठ चाळलेले असते. पांढरा दाणा जिभेला चुरचुरतो, तपकिरी दाणा नाकात चढतो. इंग्रजाला हे नाकात चढणेच हवे असते. त्याच्या जागी सौम्य माल दिला तर त्याला फसल्यासारखे वाटते.

या धंद्यातले मोठे नाव कोलमन. जेरमाया कोलमन यांनी १८१४ साली इंग्लंडमधील नॉर्विच शहराजवळ मोहरीचा धंदा सुरू केला. बैलाच्या डोक्याचे चिन्ह १८५५ पासूनचे आहे. १८६६ साली राणी व्हिक्टोरियाच्या दरबारची मान्यता मिळाली. १९३८ साली हे घराणे रेकिट कंपनीशी जोडले गेले. आपल्या घरांत रॉबिन नीळ आणि डेटॉल देणारी रेकिट अँड कोलमन ती हीच. १९९५ साली मोहरी युनिलिव्हरकडे गेली आणि २०१९ साली नॉर्विचमधला जुना कारखाना बंद झाला. मालक बदलले, कारखाना हलला, पण पिवळा डबा आणि बैल तसेच राहिले. गिऱ्हाईक खुणेवर विश्वास ठेवते, हे यावरून दिसते.

तिखटपणा कोठून येतो?

ही मोहरी दोन प्रकारांत मिळते. एक कोरडी पूड डब्यात, दुसरी तयार कालवलेली बाटलीत. पूड विकताना दुकानदाराला ती कालवण्याची रीत ठाऊक असलीच पाहिजे.

मोहरीचा दाणा अख्खा चावला तर लगेच तिखट लागत नाही. दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा दळला आणि त्याला पाणी लागले की दोन्ही एकत्र येतात व झोंबणारे तेल तयार होते. या कामाला थंड पाणी आणि थोडा वेळ लागतो. गरम पाणी घातले तर काम करणारा पदार्थ मरतो आणि मोहरी कडवट, निर्जीव होते. सुरुवातीलाच व्हिनेगर घातले तरी तेज दबते. म्हणून रीत अशी: पूड घ्यावी, थंड पाण्यात घट्टसर कालवावी, दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावी, मग मीठ घालावे. लागेल तेवढीच कालवावी, कारण काही तासांत तेज उतरते. शिजवायच्या पदार्थात घालायची तर शेवटी घालावी.

आपल्या घरांत ही विद्या जुनीच आहे. लोणच्यासाठी बायका मोहरी फेसतात. माझी आई पाट्यावर मोहरी पाण्याचे हबके देत वाटायची आणि स्वयंपाकघरात सर्वांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचे. तीच मोहरी फोडणीत तडतडली की खमंग लागते, पण नाकात चढत नाही, कारण उष्णतेने ते तेल तयारच होत नाही. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आधी एका गिऱ्हाइकाने "पूड शिळी आहे" अशी तक्रार का केली होती. त्याने ती उकळत्या पाण्यात कालवली होती! माल चांगला होता, सांगणारा कोणी नव्हता.

डबा मिळतच नसेल तर भारतीय किराण्यातून तपकिरी व पिवळी मोहरी घेऊन कोरडी दळावी, चाळावी, रंगाला चिमूटभर हळद घालावी. अगदी तीच चव येणार नाही, पण गरज भागते. गिऱ्हाइकाला मात्र हे पर्याय म्हणूनच सांगावे, असल माल म्हणून नव्हे.

खरेदी आणि साठा

घरापासून दूर राहणारा माणूस आपली चव शोधत फिरतो. आपला माणूस परदेशात कोकम आणि सुका जवळा शोधतो, तसाच इंग्रज मोहरी शोधतो. स्पिनीज या दुकानाची सुरुवात १९२४ साली इजिप्तमध्ये झाली आणि आज दुबईत इंग्रजांचा ओढा तिकडे असतो तो याच कारणाने. छोट्या दुकानदाराने त्यांच्याशी स्पर्धा करू नये. पाच-सहा जिनसा निवडाव्यात, थोड्या ठेवाव्यात, पण कधी संपू देऊ नयेत. कोरडी पूड दमट हवेपासून जपली तर बरेच दिवस टिकते. उघडलेल्या बाटलीचे तेज हळूहळू जाते, म्हणून लहान बाटल्या घ्याव्यात.

युरोपात आता वेगळी अडचण आहे. ब्रिटन युरोपीय संघाच्या बाजारातून ३१ डिसेंबर २०२० रोजी बाहेर पडले. १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या छोट्या पार्सलावरही कर लागतो. स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रजाला घरून मोहरी मागवणे महाग पडते, म्हणून तो जवळच्या दुकानात शोधतो. सरहद्दीवर अडचण आली की स्थानिक दुकानदाराची गरज वाढते, हा तिजारतीचा जुना नियम आहे.

लेबल वाचा, मग बोला

येथे आपली जबाबदारी अधिक आहे. इंग्रजी मोहरीच्या पुडीत मोहरीच असते. तयार बाटलीत साधारणतः साखर, मीठ, हळद आणि गव्हाचे पीठही असते. दीजों मोहरीच्या काही प्रकारांत मात्र पांढरी दारू घातलेली असते. वूस्टर सॉसमध्ये चिंच, काकवी आणि खारवलेली मासळी असते. एचपी सॉसमध्ये खजूर आणि चिंच असते. माल्ट व्हिनेगर जवापासून, आधी मद्य व मग सिरका असे होऊन बनते.

सिरक्याला आपल्या प्रेषितांनी (स.) उत्तम सालन म्हटल्याचे हदीसमध्ये आले आहे. दारूचा आपोआप सिरका झाला तर तो पाक, यावर एकमत आहे. पण मुद्दाम काही मिसळून सिरका बनवला तर हनफी व शाफई आलिमांत मतभेद आहे. कोकणातले आपले बांधव बहुतेक शाफई आहेत, हे विसरू नये. दुकानदाराने स्वतः फतवा देऊ नये. बाटलीत काय आहे ते खरे सांगावे आणि बाकीचे आलिमांना विचारण्यास सांगावे. "सर्व हलाल आहे, घेऊन जा" असे न वाचता बोलणे ही अमानतीतली खियानत आहे.

तसेच मोहरी काहींच्या अंगाला बाधते. ब्रिटन व युरोपात ज्या १४ पदार्थांची नोंद लेबलवर करावीच लागते, त्यांत मोहरी आणि मासळी दोन्ही आहेत. गिऱ्हाइकाने विचारले तर अंदाजाने उत्तर देऊ नये.

पवित्र कुरआनात सूरह अंबिया आणि सूरह लुकमानमध्ये राईच्या दाण्याचा उल्लेख आहे. तेवढ्या वजनाचे कर्मही हिशेबात आणले जाईल, असा त्याचा आशय आहे. माझा भाचा आता खरी इंग्रजी मोहरी ठेवतो आणि कालवण्याची रीत इंग्रजीत लिहून शेजारी लावतो. नवी इंग्रज गिऱ्हाइके येऊ लागली आहेत. जिला त्याने परत पाठवले, त्या बाईचे बाटलीचे पैसे त्याने पाकिटात घालून गल्ल्यात वेगळे ठेवले आहेत. ती दिसली की द्यायचे, असे तो म्हणतो.