दोषशोधन आणि संरक्षण : संगणकातील परकायाप्रवेशाचा प्रश्न

आज्ञावली लिहिणे आणि ती निर्दोष करणे ही एकाच कार्याची दोन अंगे होत. यांपैकी दुसऱ्या अंगास दोषशोधन किंवा रूढ शब्दात डीबगिंग म्हणतात, आणि त्याचे प्रमुख साधन म्हणजे डीबगर. चालू असलेल्या आज्ञावलीस डीबगर मध्येच थांबवतो, तिच्या स्मृतीतील मूल्ये वाचतो, प्रसंगी ती बदलतो आणि एकेक आज्ञा पुढे चालवून पाहतो. जुन्या कथांतील परकायाप्रवेशाची विद्या ती हीच. परंतु ही विद्या सज्जनास साधते तशी दुर्जनासही साधते. म्हणूनच आधुनिक परिचालन प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, या विद्येवर निर्बंध घालतात आणि ते निर्बंध प्रामाणिक दोषशोधकाच्याही आड येतात. हे निर्बंध का आले, आणि त्यांपैकी रास्त कोणते व गैरवाजवी कोणते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१. मूळ व्यवस्था

युनिक्स प्रणालीच्या १९७५ मधील सहाव्या आवृत्तीत 'पीट्रेस' नावाची सेवा प्रथम आली. तिची मांडणी साधी होती. जन्य प्रक्रियेने आपल्यावर देखरेख व्हावी अशी विनंती करावयाची आणि तिच्या जनक प्रक्रियेने ती देखरेख करावयाची. आधीपासून चालू असलेल्या प्रक्रियेस बाहेरून जोडून घेण्याची सोय पुढे झाली. तिच्यासाठी स्थूलमानाने एकच नियम पुरेसा मानला गेला : दोन्ही प्रक्रिया एकाच वापरकर्त्याच्या असाव्यात. ज्या आज्ञावली वापरकर्त्याहून अधिक अधिकाराने चालतात त्या मात्र सामान्य वापरकर्त्याच्या डीबगरपासून दूर ठेवल्या गेल्या. तसे नसते, तर कोणीही अशा आज्ञावलीत शिरून तिचा अधिकार आपल्या हाती घेतला असता.

या नियमामागे एक गृहीत होते. एका संगणकावर अनेक माणसे काम करीत. तेव्हा कुंपण माणसामाणसांत हवे होते, एकाच माणसाच्या दोन आज्ञावलींत नव्हे. पुढे परिस्थिती पालटली. संगणक एकाच माणसाचा झाला, पण त्याच्या नावाने ब्राउझर, पत्रव्यवहार, सांकेतिक किल्ल्या आणि कोठून तरी उतरवून घेतलेल्या आज्ञावली शेजारी शेजारी चालू लागल्या. यांपैकी एक जरी हल्लेखोराच्या ताब्यात गेली, तरी जुन्या नियमानुसार ती इतर सर्वांच्या स्मृतीत शिरून गुप्तशब्द वाचू शकते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असा हा प्रकार झाला.

२. निर्बंधाचे स्वरूप

यावर लिनक्स प्रणालीत 'यामा' या सुरक्षाघटकाचा उपाय आला. उबुंटू या वितरणात असा निर्बंध २०१० पासून होता; लिनक्सच्या मूळ गाभ्यात यामाचा समावेश २०१२ मध्ये, ३.४ या आवृत्तीत झाला. त्याचे नियमन 'पीट्रेस-स्कोप' या एका अंकाने होते. ० असता जुना नियम चालतो. १ असता प्रक्रियेस केवळ आपल्या वंशातील प्रक्रियांशी किंवा ज्यांनी तशी संमती घोषित केली आहे त्यांच्याशी जोडून घेता येते. २ असता हा अधिकार प्रशासकीय सामर्थ्य असणाऱ्यासच उरतो. ३ असता कोणासही जोडून घेता येत नाही आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावाचून हा अंक बदलताही येत नाही.

विद्यार्थ्यास याची प्रचीती पुढीलप्रमाणे येते. त्याची आज्ञावली एका खिडकीत चालता चालता खोळंबते. तो दुसऱ्या खिडकीत जीडीबी हा डीबगर उघडतो, प्रक्रियेचा क्रमांक देतो, आणि 'या कृतीस परवानगी नाही' असे उत्तर येते. आज्ञावली त्याची, संगणक त्याचा, तरी प्रवेश नाही! कारण गाभ्यास हेतू दिसत नाही. त्यास केवळ नाते दिसते. खोळंबलेली प्रक्रिया डीबगरच्या वंशातील नाही एवढेच त्यास कळते. दोषशोधकाची कृती आणि हल्लेखोराची कृती या यंत्राच्या दृष्टीने तंतोतंत एक आहेत.

३. दोष लपविणारे संरक्षण

काही संरक्षणे प्रवेश अडवीत नाहीत. ती दोषशोधनाचे फलित बदलतात. आज्ञावलीचे स्मृतीतील पत्ते प्रत्येक वेळी यदृच्छेने बदलत ठेवावेत, म्हणजे हल्लेखोरास अचूक पत्ता आधी कळणार नाही, ही कल्पना पॅक्स प्रकल्पाने २००१ मध्ये प्रत्यक्षात आणली. लिनक्सच्या मूळ गाभ्यात ती २००५ मध्ये आली. पत्ते स्थिर असल्यास दोषाचा माग काढणे सोपे जाते. म्हणून जीडीबी स्वतः सुरू केलेल्या आज्ञावलीपुरता हा बदल बंद ठेवतो. परिणामी चुकीच्या पत्त्यावर अवलंबून असणारा दोष एरवी प्रकट होतो, पण डीबगरखाली दिसेनासा होतो. अशा वेळी जीडीबीची ही सोय बंद करून पाहावे.

४. दोषशोधकाचे कर्तव्य

परवानगी नाकारली गेली की अंक ० करून सर्वच कुंपण पाडावे, असा सल्ला सहज दिला जातो. तो सोपा आहे, पण एका प्रक्रियेसाठी सर्व प्रक्रिया उघड्या पडतात, आणि काम संपल्यावर अंक पूर्ववत करण्याचे भान क्वचित राहते. डीबगर सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालविणे हाही रामबाण उपाय नव्हे. डीबगरने वाचलेल्या सहायक आज्ञाही मग त्याच अधिकाराने चालतात.

याहून अरुंद वाटा उपलब्ध आहेत. शक्य असेल तेथे आज्ञावली प्रथमपासून डीबगरमधूनच सुरू करावी. मग ती त्याच्या वंशातील ठरते आणि १ या अंकाची अडचण येत नाही. ते शक्य नसेल, तर आज्ञावलीने विशिष्ट प्रक्रियेस आपली संमती गाभ्याकडे नोंदवावी. वाइन, तसेच क्रोमियम व फायरफॉक्स यांची अपघात-नोंद करणारी साधने हाच मार्ग वापरतात. आज्ञावली कोसळत असेल, तर तिच्या अंतकाळचे स्मृतिचित्र जतन करून ते मागाहून तपासावे. या प्रत्येक वाटेत परवानगी आहे, पण ती एकास, एका कामापुरती.

५. संरक्षण कोणाचे?

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. २०१५ मध्ये ॲपलने आपल्या मॅक संगणकांच्या प्रणालीत असा निर्बंध आणला की सर्वाधिकारी वापरकर्त्यासही तिच्या संरक्षित प्रक्रियांत शिरता येत नाही. तथापि संगणक पुनःस्थापन-अवस्थेत सुरू करून मालकास तो निर्बंध उठविता येतो. याउलट मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टामध्ये 'संरक्षित प्रक्रिया' आल्या त्या मुख्यतः चित्रपट व संगीत यांच्या हक्कांच्या रक्षणार्थ. त्यांत प्रशासकाच्या डीबगरलाही शिरकाव नव्हता. पहिल्या निर्बंधाचा रोख घुसखोराकडे आहे, तर दुसऱ्याचा खुद्द मालकाकडे.

तेव्हा निर्बंध कठोर आहे की सौम्य, ही त्याची खरी कसोटी नव्हे. तो कोणाचे रक्षण करतो, आणि ज्याचे रक्षण करतो त्यास तो जाणूनबुजून उठविता येतो की नाही, ही कसोटी होय. या कसोटीस उतरणारा निर्बंध दोषशोधकाने अडथळा न मानता शिस्त मानावी. कारण ज्या दाराने तो आपल्या आज्ञावलीत शिरतो, त्याच दाराने उद्या दुसरा कोणी त्याच्या आज्ञावलीत शिरू शकतो. जो निर्बंध या कसोटीस उतरत नाही, त्याचा जाब निर्मात्यास विचारणे हाही त्या शिस्तीचाच भाग आहे. स्वतःचे यंत्र कसे चालते हे पाहण्याचा हक्क गमावला, तर दोष सुधारण्याचे सामर्थ्यही त्याबरोबरच जाते.