वर गेलं ते कोणतं विमान?

ओझरचा विमानांचा कारखाना १९६४ साली मिग विमाने बनवण्यासाठी सुरू झाला. म्हणून आमच्या निफाड तालुक्यात मोठी माणसे अजून प्रत्येक लढाऊ विमानाला "मिग आलं" असेच म्हणतात. पण मिग-२१ तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाले. आता वर दिसते ते बहुतेक सुखोई-३० असते. ओझरला बनलेले पहिले तेजस १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले.

आधी शेपटी मोजा. उभ्या शेपट्या दोन असल्या तर सुखोई, एकच असली तर तेजस. सुखोईला इंजिने दोन, तेजसला एक. सुखोई सुमारे २२ मीटर लांब आहे आणि तेजस सुमारे १३ मीटर. गुरुजींनी पटांगणात चुन्याने दोन्ही रेघा आखून दिल्या. तेजसच्या रेघेला हात पसरून दहा मुले पुरली. सुखोईला चौदा जण उभे राहिलो तरी रेघ उरलीच! पण आकाशात लांबीवर जाऊ नका. लहान विमान खालून गेले की मोठे वाटते.

मिग-२९ ओळखणे अवघड. त्यालाही शेपट्या दोन आणि इंजिने दोन. ते नौदलाकडे गोव्याला आहे. तेव्हा सुखोईचे मोठ्या पंखांच्या पुढे असलेले दोन छोटे पंख बघा. शिवाय दोन इंजिनांच्या मधून मागे एक जाड दांडा निघालेला असतो. मिग-२९ ला हे दोन्ही नाही. राफेललाही पुढे छोटे पंख असतात, पण शेपटी एकच.

तेजस आणि मिराज तर भाऊभाऊच वाटतात. दोघांचे पंख त्रिकोणी. मिराजच्या पंखाची पुढची कड सरळ जाते, तेजसची अंगाजवळ थोडी मोडलेली असते.

आई म्हणाली, "ओळखून करायचं काय?" मी तिला बडगामचे सांगितले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी श्रीनगरजवळ बडगामला आपलेच हेलिकॉप्टर शत्रूचे वाटले आणि आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. आपल्या हवाई दलाचे सहा जण आणि खालचा एक गावकरी मेले. यंत्रे असूनही असे झाले. मग आई काही बोलली नाही.

एक युक्ती सांगतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटरच जातो. आवाज येतो तिथे बघत बसाल तर विमान सापडणार नाही. ते पुढे गेलेले असते, म्हणून पुढे बघा.