कोरड्या डोळ्यांचा विकार : कामगारांच्या दृष्टीचा एक दुर्लक्षित प्रश्न

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुण्याच्या वायव्येकडील माळरानाचे रूप झपाट्याने पालटले. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे वाहन उद्योगाने इंद्रायणी ओलांडली आणि कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले चाकण मोटारींसाठीही ओळखले जाऊ लागले. या पट्ट्यातील प्रत्येक कामगार जाणतो की, वंगण आटले की यंत्र झिजते. डोळ्यालाही असेच एक वंगण लागते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात या वंगणाचा, ते बिघडल्यामुळे होणाऱ्या विकाराचा आणि त्यावरील उपचारांचा विचार केला आहे.

अश्रुपटलाची रचना

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्यास अश्रुपटल म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे तीनशेव्या भागाइतकीच असते. त्यात तीन प्रकारचे घटक असतात. बुबुळाला चिकटून असणारा श्लेष्मल घटक पाण्याला पृष्ठभागावर धरून ठेवतो. मधला जलीय घटक अश्रुग्रंथींतून येतो. बुबुळाला प्राणवायू पुरविणे व जंतूंना अटकाव करणे ही कामे तो करतो. सर्वांत वर स्निग्ध पदार्थाचा थर असतो. तो पापण्यांच्या कडांतील माइबोमियन ग्रंथींतून स्रवतो आणि खालच्या पाण्याचे बाष्पीभवन रोखतो. पापणीची प्रत्येक उघडझाप हे पटल नव्याने सारवून घेते.

यांपैकी एकही घटक कमी पडला तरी पटल ठिकठिकाणी फाटते. उरलेले अश्रू अधिक खारट होतात, पृष्ठभागावर दाह निर्माण होतो, दाहामुळे ग्रंथींचे काम आणखी बिघडते व पटल पुन्हा लवकर फाटते. असे हे दुष्टचक्र आहे. म्हणूनच या विकारात केवळ पाण्याची उणीव भरून काढणे पुरेसे ठरत नाही.

पाणी वाहते, मग डोळा कोरडा कसा?

या विकाराचे निदान चुकण्याचे मोठे कारण या प्रश्नात दडलेले आहे. डोळे चुरचुरणे, वाळू गेल्यासारखे खुपणे, लाली, संध्याकाळी जडपणा, आणि उघडझाप केल्यावर क्षणभर स्वच्छ होणारी अंधुक दृष्टी ही त्याची लक्षणे होत. परंतु पुष्कळ रुग्णांची पहिली तक्रार ‘डोळ्यांतून पाणी येते’ हीच असते.

याचा उलगडा चाकणच्या कांद्यावरूनच होईल. कांदा चिरताना त्यातून गंधकयुक्त वायू सुटतो, तो डोळ्यास झोंबतो आणि संरक्षणासाठी पाण्याचा लोंढा येतो. हे प्रतिक्षिप्त अश्रू होत. कोरड्या पडलेल्या बुबुळाची आगही मज्जातंतूंना अशीच जाणवते व तसेच पाणी येते. हे पाणी पटलावर टिकत नाही. ते गालावर ओघळून जाते आणि डोळा कोरडाच राहतो. वळवाचा पाऊस उतारावरून वाहून जावा आणि जमिनीत ओल मुरू नये, तसाच हा प्रकार आहे.

कारखाना, रस्ता आणि पडदा

मनुष्य सामान्यतः मिनिटाला सुमारे पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो. संगणकाच्या पडद्याकडे किंवा बारीक वस्तूकडे एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते आणि पापणी पूर्ण मिटतही नाही. सुट्या भागांची तपासणी करणारा तपासनीस, संगणकनियंत्रित यंत्रावरील चालक आणि कार्यालयातील लिपिक हे तिघेही या बाबतीत सारखेच. त्यात वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा, तोंडावर येणारा पंख्याचा झोत, धूळ, रंगकामातील द्रावकांची वाफ आणि रात्रपाळीचे जागरण यांची भर पडते. पाळी सुटल्यावर भोसरी, मोशी, चाकण या रस्त्यावरून दुचाकीने उघड्या डोळ्यांनी वारा खात जाणे, हाही दिवसाचा एक भाग असतो.

याखेरीज वाढते वय, स्त्रियांच्या बाबतीत ऋतुनिवृत्ती, मधुमेह, थायरॉइडचे विकार, संधिवात, सर्दी व अ‍ॅलर्जीवरील काही औषधे, काचबिंदूसाठी दीर्घकाळ घातले जाणारे थेंब आणि स्पर्शभिंगांचा वापर हीदेखील कारणे आहेत. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर स्योग्रेनच्या विकाराची शंका घ्यावी. स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ हेन्रिक स्योग्रेन यांनी १९३३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले.

लहान मुलांच्या बाबतीत एक भेद शिक्षकांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मुलास संधिप्रकाशात दिसेनासे झाले किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपके दिसले, तर ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण असू शकते. तो कोरडेपणा निराळा आणि त्यातून अंधत्वही येऊ शकते. अशा मुलास तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे.

निदान

निदानाच्या चाचण्या सोप्या आहेत. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी १९०३ साली सुचविलेल्या चाचणीत गाळण कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवितात आणि पाच मिनिटांत ती किती भिजली हे मोजतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओल असल्यास अश्रू अपुरे आहेत असे समजतात. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात फ्लुरेसिन हे रंगद्रव्य घालून निळ्या प्रकाशात पटल फाटण्यास किती सेकंद लागतात हे पाहतात. दहा सेकंदांहून कमी वेळ हे अस्थिर पटलाचे चिन्ह होय. पापण्यांच्या कडा व ग्रंथी तपासणेही आवश्यक असते, कारण अनेक रुग्णांत मूळ दोष स्निग्ध थरातच आढळतो.

उपचार

उपचारांची सुरुवात सवयींपासून होते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फूट दूर पाहावे व पापण्या सावकाश पूर्ण मिटाव्यात. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली ठेवावा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. दुचाकीवर शिरस्त्राणाची काच खाली असावी.

ग्रंथी तुंबल्या असतील तर कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे, मग पापण्यांची कड हलक्या हाताने चोळून पुसावी. हा उपाय नियमाने केला तरच गुण येतो. कृत्रिम अश्रूंचे थेंब वैद्यकीय सल्ल्याने वापरावेत. दिवसातून चार ते सहा वेळांपेक्षा अधिक लागत असल्यास परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब घ्यावेत, कारण ते द्रव्यच बुबुळास त्रासदायक ठरते. दाह अधिक असल्यास नेत्रतज्ज्ञ सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात किंवा अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत सूक्ष्म बूच बसवितात. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा बराच बोलबाला झाला. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत त्यांचा लाभ ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांहून अधिक आढळला नाही.

खरा धोका

कोरड्या डोळ्याने सहसा आंधळेपण येत नाही. धोका आहे तो चुकीच्या थेंबांचा. पाणी येते आणि लाली दिसते म्हणून ‘डोळे आले’ असे समजून दुकानातून थेंब आणले जातात. त्यांत स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांत लाली ओसरते, रुग्ण समाधान पावतो आणि महिनोन्‌महिने तेच थेंब घालीत राहतो. त्यामुळे डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. चुरचुरीवरील उपायाने दृष्टी गमवावी, यासारखे दुर्दैव नाही. मध, गुलाबपाणी, तूप इत्यादी डोळ्यांत घालणेही जंतुसंसर्गास निमंत्रण देणारे आहे.

तीव्र वेदना, प्रकाश सहन न होणे, दृष्टी एकाएकी मंदावणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे हे साधे कोरडेपण नव्हे. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. डोळ्यात रसायन उडाल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन मगच रुग्णालय गाठावे.

आपले कर्तव्य

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये उडणारे कण व अतितीव्र प्रकाश यांपासून डोळ्यांच्या रक्षणाची तरतूद करण्यात आली होती. तो विचार आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या काळात अधिक व्यापक व्हावयास हवा. कणाची इजा क्षणात दिसते. कोरडेपणाची इजा हळूहळू होते आणि कोणत्याही अपघात-नोंदवहीत येत नाही. अंधुक नजरेने यंत्रावर उभा असलेला कामगार स्वतःस व सहकाऱ्यास धोक्यात घालतो, हे मात्र तितकेच खरे आहे.

चिंचवडच्या मोहननगर येथील कामगार विमा रुग्णालय व पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय यांची सोय या पट्ट्यात आहे. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी यांसारख्या गावांच्या पंचायतींनी नेत्रतपासणी शिबिरांत मोतीबिंदूबरोबरच या विकाराचीही विचारणा करावी. अधिकाऱ्यांनी कामाच्या जागेची हवा, प्रकाश व विश्रांतीचा वेळ पाहावा. शिक्षकांनी मुलांमार्फत एवढाच निरोप घरोघर पोहोचवावा की, पाणावणारा डोळाही कोरडा असू शकतो. तपासणीवाचून त्यात कोणताही थेंब घालू नये. एवढे घडले तरी अनेकांची दृष्टी वाचेल.